चौथ्या टप्प्याची खूण

आमच्या कॉलेजात कोणाच्या हातून काही पडलं की बाकीचे ओरडतात, "कुसुम झाली!" चहाचा कप सांडला, कुसुम झाली. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली, कुसुम झाली. क्रिकेटमध्ये सोपा झेल सुटला तर अख्खं मैदान एका सुरात म्हणतं. मी निवृत्त होईपर्यंत हे ऐकत होतो आणि आता सौसरच्या बाजारातही ऐकतो, कारण कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी ते घरोघर नेलं आहे. ही कुसुम कोण, ते ओरडणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी तिचा क्रीडाशिक्षक होतो.

कॉलेजच्या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत आणि त्या आठवल्या की आजही अंगात वारं शिरतं. त्या लिहितोच. पण खरं कारण कुसुम आहे. माझं वय झालं, आता थांबण्यात अर्थ नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सौसरच्या बाहेर मिशनच्या फादर लोकांनी चालवलेलं लहानसं कॉलेज होतं. ख्रिस्ती विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळी आमचीच कापूसवाल्यांची, संत्रेवाल्यांची, दुकानदारांची पोरं. प्रिन्सिपॉल फादर थॉमस केरळचे. सहा फुटांच्या वर उंची, पांढरा झगा आणि खेळाचं वेड. मुलाखतीत त्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं होतं. "मास्टरजी, पढ़ाने वाले बहुत हैं. मुझे दौड़ाने वाला चाहिए."

दौडवायचं कुठं, हा पहिला प्रश्न. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात अशा भेगा पडत की त्यात पोराचं पाऊल जाई आणि पावसाळ्यात पायाला एवढा चिखल चिकटे की धावणारा हत्तीसारखा चाले. म्हणजे आमचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. त्यात मी पहाटे दोरी लावून, चुना टाकून धावपट्टी आखायचो आणि दुपारी गाई येऊन नेमक्या चुन्यावर बसायच्या. शिवाय एका वळणावरून कापसाच्या बंड्या जात. मी एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बंडी अडवली.

"काका, ही धावपट्टी आहे."

"असंल नं. पण ही वाट माह्या आज्याची आहे," तो बैल न थांबवता म्हणाला. "तुमचं वळण सरकवा तिकडं."

सरकवलं. त्यामुळं आमच्या धावपट्टीचं एक वळण चुलीच्या तोंडासारखं आखूड झालं. पण त्याचा फायदा असा की आमची मुलं वळणावर अशी पळायची की बाहेरची टीम बघत राहायची. सामानाची तऱ्हा तीच. फेकायचा लोखंडी गोळा सापडेना म्हणून शोधला, तर तो मेसच्या आचाऱ्यानं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला होता. मागायला गेलो तर म्हणाला, "लोणचं मुरू द्या, मग न्या." वसतिगृहाच्या सिस्टर स्टॉपवॉच लावायच्या. शर्यत रंगली की त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि घड्याळ बंद करायचं राहून जायचं.

मुलींची टीम करायची हे फादरांनी ठरवलं, तेव्हा गावात कुजबूज झाली. नावं द्यायला सांगितली तर एकाच मुलीनं हात वर केला. मोहगावची, संत्र्याच्या बागा असलेल्या घरची. सावळी, लांब पायांची.

"काय येतं तुला?" मी विचारलं.

"वानरं हाकलता येतात, सर."

वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "हसून का राहिल्या? एखाद्या दिवशी या आमच्या बागेत. पळून दाखवा वानरामागं."

ही कुसुम. संध्याकाळी तिला मैदानावर पळवून पाहिलं आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली, ती रात्री जेवतानाही थांबली नाही. आयुष्यात अशी पळणारी मुलगी एकदाच मिळते.

मग तिगावच्या दोन बहिणी आल्या, रेल्वेच्या खलाशाच्या मुली. आणि पांढुर्ण्याच्या कापड दुकानदाराची रेखा आली. ती दिसायला नाजूक, पण सरळ रेषेत सुटली की बाणच. चौघी झाल्या. चौघी म्हणजे रिले.

ज्यांनी रिले पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौघींनी मैदानाची एक फेरी वाटून पळायची, हातातली बॅटन, म्हणजे आखूड लाकडी दांडी, एकीनं दुसरीला द्यायची. लोकांना वाटतं यात पळणं महत्त्वाचं. पळणं असतंच, पण रिले जिंकली जाते देण्याघेण्यात. घेणारी थांबून राहिली तर वेळ जातो, म्हणून ती देणारी पोचायच्या आधीच पळू लागते आणि मागं न बघता हात मागं धरते. कधी सुटायचं? तर घेणारीच्या मागं जमिनीवर चुन्याची एक खूण असते. देणारीचं पाऊल त्या खुणेवर पडलं की घेणारीनं सुटायचं. खूण जवळ झाली तर दोघी एकमेकींवर आदळतात. लांब झाली तर घेणारी निघून जाते आणि देणारी मागं हात पसरत राहते. सगळा खेळ त्या एका खुणेचा.

खूण पावलांनी मोजतात, टाचेला अंगठा लावून. खरं तर पळणारीनं ती स्वतःच्या पावलांनी मोजायची. पण माझा कोणावर भरवसा नव्हता. खुणा मीच घालायचो, माझ्या कॅन्व्हासच्या बुटांनी. तिसरा टप्पा कुसुमचा, चौथा रेखाचा. रेखाच्या खुणेसाठी माझी पावलं ठरलेली होती, वीसच्या आसपास. हिवाळाभर त्याच मापानं सराव केला. कुसुम वळणावरून वाऱ्यासारखी यायची, "हात!" म्हणायचं सोडून ओरडायची, "घे वो माय!" आणि बॅटन रेखाच्या तळव्यात अशी बसायची की कुलपात किल्ली.

कुसुमच्या घरी वडील नव्हते. मोठा भाऊ वामन कारभार बघायचा. माणूस वाईट नव्हता. एक दिवस तो सायकलवरून मैदानावर आला आणि बहिणीसमोरच म्हणाला, "सर, हिचं विद्यापीठाच्या टीममधी नाव आलं तर पुढं शिकू द्यीन, तिले खेळाची मास्तरीण व्हायचं आहे तं होऊ द्यीन. नाही आलं तं उन्हाळ्यात लग्न. पाव्हणे बसून आहेत."

"येईल नाव," मी म्हणालो.

"तुम्ही सांगता म्हणून थांबलो," वामन म्हणाला.

नियम असा होता की छिंदवाड्याच्या आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेत जी चौकडी रिले जिंकेल, ती अख्खी विद्यापीठाच्या टीममध्ये जाणार.

आम्ही सौसरहून छोट्या लाइनच्या गाडीनं निघालो. ती गाडी घाटात इतकी हळू चढायची की कुसुम दारातून खाली उतरली आणि डब्याबरोबर पळू लागली. मग तिगावच्या बहिणी उतरल्या. मग रेखा. चौघी डब्याच्या पुढं गेल्या, इंजिनापाशी पोचल्या आणि ड्रायव्हरला टाटा करून परत आल्या. गार्ड शिट्टी फुंकून लाल झाला. "मास्टरजी, आपकी लड़कियाँ गाड़ी को बदनाम कर रही हैं!" सगळा डबा हसत होता. मी दारात उभा राहून ओरडत होतो, "कुसुम, टाच उचल!" सराव कुठंही होऊ शकतो.

छिंदवाड्याच्या मैदानावर पोचलो तर डोळे दिपले. सपाट, दाबलेली धावपट्टी, रंगीत झेंडे, लाउडस्पीकर. मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या मुली पांढऱ्या कपड्यांत, काट्यांच्या बुटांत. आमच्या चौघी वसतिगृहाच्या सिस्टरांनी शिवलेल्या निळ्या कपड्यांत, अनवाणी. संचलनाआधी फादरांनी मला बाजूला घेतलं. माझ्या मळक्या कॅन्व्हासच्या बुटांकडं पाहून ते कळवळले.

"मास्टरजी, ये नहीं चलेगा. कॉलेज का नाम है."

त्यांनी स्वतःचे जादा कातडी बूट दिले. काळे, आरशासारखे चकचकीत. त्यांचं पाऊल केवढं! मी पुढं कापूस कोंबला आणि घातले. खोटं का बोलू, त्या बुटांत मी चार इंच उंच झालो. सगळ्या मैदानावरून टाच वाजवत हिंडलो. पहिल्या दोन खुणा संचलनाआधीच घातल्या होत्या. उरलेली रेखाची खूण रिलेच्या आधी चुन्याची पिशवी घेऊन घालायला गेलो तोही तसाच, ऐटीत. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा, ठरलेली पावलं. रेखा म्हणाली, "सर, आज थोडी लांब वाटते नं?"

"मैदान मोठं आहे म्हणून वाटतं," मी म्हणालो.

पिस्तूल सुटलं.

तिगावची थोरली सुरुवातीला अडखळली, त्यामुळं तिनं बहिणीला बॅटन दिली तेव्हा आम्ही चौथ्या होतो. धाकटीनं जीव टाकून एकीला मागं टाकलं. मग बॅटन कुसुमच्या हातात आली आणि समोर वळण होतं. मी वर सांगितलं ना, आमचं चुलीच्या तोंडासारखं वळण? त्यावर पळणारीला हे रुंद, गुळगुळीत वळण म्हणजे अंगण होतं. कुसुम आत झुकली. अर्ध्या वळणात तिनं एकीला खाल्लं. फादर उडी मारून उभे राहिले, त्यांचा झगा वाऱ्यावर उडाला. "कम ऑन! कम ऑन!" सिस्टर डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत होत्या. वळण संपताना लाउडस्पीकरवाला आमच्या कॉलेजचं नाव चुकीचं घेऊन ओरडला, कारण तोवर त्यानं ते कधी उच्चारलंच नव्हतं. कुसुम सगळ्यांच्या पुढं होती! स्वच्छ पुढं! बहिणीची शर्यत बघायला वामनही आला होता, तो कठड्याशी उभा राहून ओळख नसलेल्या माणसाच्या पाठीवर गुद्दे मारत होता. "माही बहीण आहे! माही बहीण आहे थे!"

तिचं पाऊल खुणेवर पडलं. रेखा सुटली.

आणि दोघींमधलं अंतर मिटेना. कुसुम ओरडली, "घे वो माय!" रेखाचा हात मागं आला. कुसुमनं सगळा हात लांबवला, खांद्यातून, कमरेतून. बॅटनचं टोक रेखाच्या बोटांना लागलं. रेखाला वाटलं आली, तिनं मूठ मिटली. मुठीत वारा. बॅटन मातीत.

कुसुमनं ती उचलली, दोन झेपांत रेखाच्या हातात कोंबली आणि तिथंच गुडघ्यांवर बसली. रेखा रडत रडत पळाली. आम्ही चौथे आलो.

लोकांनी काय पाहिलं? शेवटच्या क्षणी एक मुलगी हात पसरून तोल जाऊन झुकली आणि बॅटन पडली. "थकली," कोणी म्हणालं. "घाबरली," दुसरा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. देवाशपथ सांगतो, त्या वेळी मलाही तसंच वाटलं. मी तिला एवढंच म्हणालो, "अजून एक पाऊल टाकायचं होतंस."

"टाकलं होतं, सर," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत बसलो. माझे पाय सोलून निघाले होते. बूट काढले, पुढचा कापूस ओढून काढला आणि पिशवीतले माझे कॅन्व्हासचे बूट त्यांच्या शेजारी ठेवले. टाचा जुळल्या. पुढं फादरांचा बूट माझ्या बुटाच्या तीन बोटं पुढं होता.

प्रत्येक पावलाला तीन बोटं. मी मनात गुणाकार केला. खूण दोन हातांहून जास्त मागं गेली होती. रेखा तेवढी लवकर सुटली होती. कुसुमनं पंख लावले असते तरी ती पोचली नसती. कुसुम समोरच्या बाकावर खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी बूट बाकाखाली सरकवले.

का बोललो नाही? माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती, हे एक कारण. पण ते मोठं नव्हतं. मोठं कारण असं की सगळ्या तालुक्यात मी खेळातला जाणकार म्हणून मिरवत होतो आणि चूक अशी होती की ऐकणारा पोट धरून हसला असता. मास्तर दुसऱ्याचे बूट घालून मोजमाप करतो! रडण्याजोगी चूक मी कदाचित कबूल केली असती. हसण्याजोगी करवली नाही.

चार दिवसांनी वामन आला. सायकल भिंतीला लावली आणि उभ्याउभ्याच बोलला. "सर, मी आडाणी माणूस. तुम्हीच सांगा. पाव्हण्यांले हो म्हणू का थांबू? पोरीत दम आहे का नाही?"

त्या वेळी मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पळते चांगली. पण ऐनवेळी घाबरते."

"मंग झालं," वामन म्हणाला आणि सायकल वळवली.

उन्हाळ्यात कुसुमचं लग्न झालं. पुढच्या वर्षी नव्या चौकडीला सराव देताना एका मुलीच्या हातून बॅटन सुटली आणि रेखाच्या वर्गातलं कोणीतरी ओरडलं, "कुसुम झाली!" सगळे हसले. मी शिट्टी फुंकली आणि पुन्हा पळायला लावलं. त्या दिवशी थांबवलं असतं तर तिथंच थांबलं असतं.

त्यानंतर आमच्या मुलींनी ती रिले जिंकली, एकदा नाही, अनेकदा. विद्यापीठात गेल्या, दोघी-तिघी शिक्षिका झाल्या. खुणा प्रत्येक मुलगी स्वतःच्या पावलांनी मोजायची. तो नियम मी घातला होता आणि त्याबद्दल माझं कौतुकही व्हायचं. सत्कारात कोणीतरी म्हणायचंच, सरांची शिस्त बघा.

गेल्या हिवाळ्यात मी लोधीखेड्याला गेलो. कुसुम तिथं दिलेली, एवढं ठाऊक होतं. पण तिथं कुसुम कोणाला माहीत नव्हती. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून अर्चना ठेवलं होतं. मोहगावचं माहेर सांगितल्यावर घर सापडलं. अंगणात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे, पण पाय लांब पसरलेले. ते मी लगेच ओळखले. तिनंही मला ओळखलं.

"सर? मायबाई! अन असे काहून चालून राहिले? गुडघे गेले का?"

"गेले."

"आम्हाले बरे पळवत होते. बसा."

मी बसलो आणि चहा येण्याआधीच सांगून टाकलं. बूट, कापूस, खूण, गाडीतला गुणाकार, वामनला दिलेलं उत्तर. ती शेंगा सोलत राहिली. मग हात थांबला.

"दादाले तुम्ही सांगतलं होतं, मी घाबरते म्हणून?"

"हो."

"मले वाटे त्यानं मनानंच ठरवलं. त्याच्याशी मी पाच वर्षं धड बोलली नाही, सर. राखी बांधायची अन तोंड फिरवायची." ती माझ्याकडं बघत होती, मला खाली बघावं लागलं. "तो गेला मागच्या साली. हे त्याले कोण सांगन आता?"

मी म्हणालो, "तू घाबरली नव्हतीस, एवढंच सांगायला आलो."

"हे मले सांगून का फायदा?" तिचा आवाज चढला. "मी घाबरली नव्हती हे मले त्याच दिवशी मालूम होतं. मले सांगायची गरज नाही. तिले सांगा." तिनं स्वयंपाकघराकडं हात केला. "माही सून तुमच्याच कॉलेजात शिकली. पोराच्या हातून ताटली पडली का म्हणते, कुसुम झाली. माह्यासमोर म्हणते! तिले काय मालूम कुसुम कोण. मी अर्चना नं. इतके वर्षं ऐकून राहिली मी, चूप बसून."

आणि तिनं हाक मारली. "शिल्पा! वो शिल्पा! भाईर ये. हे सर तुले काही सांगतात."

सून पदराला हात पुसत आली. मी तिला सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. कुसुम म्हणजे तुझी सासू, असं मी म्हटलं तेव्हा ती सासूजवळ खाली बसली. मग हळूच म्हणाली, "आई, तुम्ही पळत होत्या?"

"पळत होती म्हणजे?" कुसुम म्हणाली. "अवं, माह्या हाती बॅटन आली तवा चार नंबरवर होतो आम्ही."

"तीन," मी म्हणालो. "धाकटीनं एकीला मागं टाकलं होतं."

"तुम्ही चूप बसा, सर. तुमचं मोजणं पाहिलं आम्ही." सून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. कुसुमनं शेंगांची टोपली बाजूला सारली आणि मांडीवरची सालं झटकली. "तं ऐक. छिंदवाड्याचं मैदान एवढं मोठं. त्या शहरातल्या पोरी पांढऱ्या कपड्यांत, अन आम्ही अनवाणी…"

मला सौसरची बस धरायची होती. निरोप घेतला, तर तिनं बोलता बोलताच मान हलवली. फाटकाबाहेर येऊन मी मागं पाहिलं. नातू आतून पळत आला होता, सून त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि कुसुम उभी राहून दोन्ही हातांनी वळण दाखवत होती. तिच्या हातात बॅटन आत्ता कुठं आली होती.